खांदा देणारा बंधू ओडोरिक



जानेवारीच्या मध्यावर आपल्या कोकणात घरोघरी तिळगूळ वाटला जातो. शेजारी कोण, त्याचा धर्म कोणता, हे न पाहता लाडू हातावर ठेवला जातो आणि गोड बोलण्याची आठवण करून दिली जाते. त्याच सुमारास, १४ जानेवारीला, ख्रिस्तसभा एका गरीब फ्रान्सिस्कन बंधूचे स्मरण करते. त्यांचे नाव पोर्देनोनेचे धन्यवादित ओडोरिक.

आपल्यापैकी बहुतेकांनी हे नाव ऐकलेले नसेल. संत अंतोनीची नोव्हेना आपल्याला पाठ आहे. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या दर्शनाला आपण गोव्याला जातो. वसईचे संत गोन्सालो गार्सिया आपलेच, असे आपण अभिमानाने सांगतो. ओडोरिक यांची तसबीर मात्र आपल्या घरांत नाही. तरीही सातशे वर्षांपूर्वी हे बंधू आपल्या महाराष्ट्रात, ठाण्याला आणि सोपाऱ्याला येऊन गेले. येथून निघाले तेव्हा त्यांच्याजवळ एक गाठोडे होते. त्या गाठोड्यात काय होते, ते कोणाचे होते आणि त्यांनी ते कोठवर वाहिले, हे आज आपण पाहू या. त्यातून आपल्या धर्मग्रामासाठी एक मोठा धडा मिळतो.

साधा बंधू

ओडोरिक यांचा जन्म सुमारे १२८६ साली इटलीच्या ईशान्येकडील फ्रिउली प्रांतात, पोर्देनोने गावाजवळच्या व्हिल्लानोव्हा या खेड्यात झाला. तरुणपणीच ते उदिने शहरातील फ्रान्सिस्कन मठात दाखल झाले. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२६ साली देह ठेवला होता. त्याच्या गरिबीचा सुगंध त्या मठांतून अजून दरवळत होता. ओडोरिक भाकरी आणि पाण्यावर राहत, अनवाणी चालत आणि अंगाला टोचणारे जाडेभरडे वस्त्र वापरत, अशी परंपरा आहे. मानाची जागा त्यांनी मागितली नाही. एकांतातली प्रार्थना त्यांना प्रिय होती.

असा हा एकांतप्रिय बंधू सुमारे १३१८ साली पूर्वेच्या वाटेला लागला. कॉन्स्टँटिनोपल, त्राबझोन, तबरीझ, बगदाद असा प्रवास करीत ते इराणच्या आखातावरील होर्मुझ बंदरात पोहोचले. तेथे त्यांनी ज्या गलबतात पाऊल ठेवले त्यात लोखंडाचा एक खिळासुद्धा नव्हता. फळ्या दोरीने शिवून ते तयार केलेले होते. ओडोरिक यांना त्याचे फार नवल वाटले. काथ्या आणि सुंभ यांची ओळख असलेल्या आपल्या कोकणी माणसाला ते तितकेसे वाटणार नाही. त्या गलबतातून २८ दिवसांत ते ठाण्याला पोहोचले.

ठाण्यात त्यांनी पाहिलेल्या कितीतरी गोष्टी त्यांनी पुढे सांगितल्या आहेत. कबुतराएवढी वटवाघळे, मांजरांना न आवरणारे मोठमोठे उंदीर आणि प्रत्येक घराच्या दारापुढे पाणी घालून जपलेले एक झाड. ती आपली तुळस असावी, असे अभ्यासकांना वाटते. पण ओडोरिक ठाण्यात रमले ते या नवलांमुळे नव्हे. त्यांच्या संघाचे चार बंधू थोड्याच काळापूर्वी या शहरात प्राणास मुकले होते. त्यांची हकीगत त्यांनी मोठ्या प्रेमाने आणि सविस्तर सांगितली आहे.

ठाण्याचे चार रक्तसाक्षी

ते साल होते १३२१. तोलेन्तिनोचे बंधू थॉमस, पादुआचे बंधू जेम्स, सिएनाचे बंधू पेत्र आणि तिफ्लिसचे, म्हणजे आजच्या जॉर्जियातील तिबिलिसीचे, बंधू दिमित्री असे हे चौघे होते. थॉमस वयाने सर्वांत मोठे. गरिबीचे व्रत काटेकोर पाळण्याच्या आग्रहापायी तरुणपणी त्यांना आपल्याच संघात कैद सोसावी लागली होती. दिमित्री हे धर्मगुरू नव्हते. ते साधे सेवक-बंधू होते आणि त्यांना अनेक भाषा येत असल्यामुळे दुभाष्याचे काम करीत. चौघांच्या बरोबर डोमिनिकन संघाचे फादर जोर्दानुस हेही होते. खरे तर त्यांना पुढे जायचे होते, पण गलबत ठाण्याला लागले.

ठाण्यात तेव्हा नेस्तोरियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांची १५ घरे होती. त्यांतल्या एका घरात हे चौघे उतरले. जोर्दानुस सुवार्ताकार्यासाठी उत्तरेकडे गेले होते. एका संध्याकाळी घरधनी आणि त्याची बायको यांच्यात भांडण झाले आणि नवऱ्याने तिला मारहाण केली. सकाळी ती बाई काजीकडे दाद मागायला गेली. काजीने विचारले, पुरावा काय? ती म्हणाली, आमच्या घरी उतरलेल्या परदेशी साधूंनी सर्व पाहिले आहे. मग काजीने त्यांना बोलावून घेतले. बंधू पेत्र सामानाची राखण करायला घरीच थांबले. बाकीचे तिघे गेले.

बंधुभगिनींनो, येथे जरा थांबू या. ठाण्याच्या रक्तसाक्षींची कथा एका ख्रिस्ती घरातल्या मारहाणीपासून सुरू होते. त्या घरात तो हात उगारला गेला नसता, तर ही वेळ कदाचित आली नसती. हा धागा आपण हातात धरून ठेवू आणि शेवटी पुन्हा त्याकडे वळू.

न्यायसभेत बाईची तक्रार बाजूला राहिली आणि धर्मावर वाद सुरू झाला. बंधूंनी आपली श्रद्धा सांगितली. इस्लाम धर्माच्या पैगंबरांविषयी तुमचे मत काय, असे त्यांना पुन्हा पुन्हा विचारण्यात आले. प्रथम त्यांनी सरळ उत्तर देण्याचे टाळले. शेवटी बंधू थॉमस यांनी कठोर शब्दांत उत्तर दिले आणि सभा खवळली. तिघांना भर उन्हात बांधून ठेवण्यात आले. मग आगीची परीक्षा झाली. बंधू जेम्स दोनदा आगीतून सुखरूप बाहेर आले, असे ओडोरिक सांगतात. ते पाहून जमलेले लोकच ओरडू लागले की ही माणसे पवित्र आहेत, यांना त्रास देऊ नका. नगराच्या मलिकने त्यांना खाडीपलीकडे निघून जायला सांगितले. परंतु काजीच्या आग्रहाने त्याचे मन फिरले आणि त्याच रात्री चार हत्यारबंद माणसे पाठविण्यात आली.

ओडोरिक यांनी त्या चार मारेकऱ्यांविषयी जे सांगितले आहे, ते आपण नीट ऐकावे. ते बंधूंना म्हणाले की तुम्ही चांगली माणसे आहात, आम्ही हे मनापासून करीत नाही, पण हुकूम मोडला तर आमच्या बायकामुलांची धडगत नाही. बंधूंनी त्यांचा हुकूम त्यांना पाळू दिला आणि स्वतः मरणाला सामोरे गेले. दिवस ९ एप्रिल १३२१ असा सांगितला जातो. घरी थांबलेल्या बंधू पेत्र यांनाही पकडण्यात आले आणि दोन दिवसांनी त्यांनाही ठार करण्यात आले. पुढे दिल्लीच्या सुलतानाला हे कळले तेव्हा त्याने त्या मलिकला बोलावून मृत्यूची शिक्षा दिली, असेही ओडोरिक सांगतात.

फादर जोर्दानुस परतले तेव्हा सर्व संपलेले होते. त्यांनी चौघांचे देह सोपाऱ्याला, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याला, नेऊन पुरले. पुढे १३२९ साली पोप योहान बाविसावे यांनी याच जोर्दानुस यांना केरळातील कोल्लमचे महागुरू नेमले. बंधू थॉमस यांच्या भक्तीला १८९४ साली पोप लिओ तेरावे यांनी अधिकृत मान्यता दिली.

गाठोडे

ओडोरिक ठाण्याला पोहोचले ते या घटनेनंतर थोड्याच वर्षांत. या चार बंधूंना चीनमधील आपल्या संघबंधूंकडे जायचे होते. ते पोहोचू शकले नव्हते. ओडोरिक यांनी ठरविले की त्यांना आपण पोहोचवायचे. त्यांनी सोपाऱ्याची कबर उघडली, अस्थी बाहेर काढल्या, स्वच्छ वस्त्रात बांधल्या आणि ते गाठोडे घेऊन निघाले. बरोबर एक संघबंधू आणि एक गडी होता.

पवित्र शास्त्र जाणणाऱ्यांना येथे योसेफाची आठवण होईल. मरतेसमयी योसेफाने आपल्या भाऊबंदांकडून वचन घेतले होते की मिसर सोडून जाल तेव्हा माझी हाडे येथे ठेवू नका. शेकडो वर्षांनी मोशे लोकांना घेऊन बाहेर पडला तेव्हा पाठीमागे फारोचे सैन्य होते, पुढे समुद्र होता. तशा घाईतही त्याने योसेफाच्या अस्थी बरोबर घेतल्या. तोबीतचेही स्मरण होते. मृतांना मूठमाती देण्यापायी तो जेवणाच्या ताटावरून उठला आणि शेजाऱ्यांची थट्टा त्याने सहन केली. देवाच्या लोकांनी आपल्या मृतांना कधी वाटेवर टाकलेले नाही.

हाडांना इतका मान का द्यायचा, असे कोणी विचारतात. आपण हाडांची पूजा करीत नाही. उपासना फक्त देवाची. परंतु शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे असे आपण मानतो. ज्या हातांनी सेवा केली, जे पाय सुवार्तेसाठी झिजले, ज्या मुखाने प्रभूचे नाव घेतले, ते शरीर शेवटल्या दिवशी उठविले जाईल, असे आपण दर रविवारी श्रद्धांगीकारात म्हणतो. संतांच्या अवशेषांचा मान म्हणजे पुनरुत्थानावरील विश्वासाची खूण होय. दोन नोव्हेंबरला आपण दफनभूमीत मेणबत्ती लावतो, फुले वाहतो, तीही याच विश्वासाने.

वाटेत एका घरी रात्री मुक्काम पडला. ओडोरिक यांनी गाठोडे उशाशी घेतले आणि झोपले. विरोधकांनी घराला आग लावली. सोबतचे दोघे बाहेर पळाले. ओडोरिक गाठोड्यासह आत राहिले आणि एका कोपऱ्यात बसून प्रार्थना करू लागले. ते सांगतात की तीन कोपरे जळाले आणि ते बसलेला कोपरा शाबूत राहिला. ते अस्थी घेऊन बाहेर पडले तेव्हा घर पूर्णपणे कोसळले. या कथेत स्वतःच्या धैर्याविषयी त्यांचा एकही शब्द नाही. देवाने आपल्या भक्तांच्या अस्थी राखल्या, एवढेच त्यांचे म्हणणे. सोबत्यांनाही ते दूषण देत नाहीत.

वारा पडला तेव्हा

मग समुद्र. नाटे गावी यशवंतगडाशी उभे राहिले की जैतापूरची खाडी समुद्राला मिळताना दिसते. उत्तरेकडून मलबारकडे जाणारे गलबत कोकण किनारा डाव्या हाताला ठेवून जाते. म्हणजे ओडोरिक आणि त्यांचे गाठोडे आपल्या याच किनाऱ्यासमोरून दक्षिणेकडे गेले असणार. येथल्या कोणालाही त्याची वार्ता नव्हती. एक परदेशी भिकारी साधू, फाटका झगा आणि फडक्यात बांधलेली हाडे.

कोल्लमला जाताना वारा पडला. वारा पडणे म्हणजे काय, हे आपल्या मच्छीमार बांधवांना सांगायला नको. आज यांत्रिक नौका आहेत. शिडाच्या दिवसांत वारा पडला की पिण्याचे पाणी संपत जाई आणि माणसे आकाशाकडे पाहत बसत. त्या गलबतावर निरनिराळ्या धर्मांची माणसे होती. ओडोरिक सांगतात की मूर्तिपूजकांनी आपल्या देवांची प्रार्थना केली, वारा आला नाही. मग मुसलमानांनी प्रार्थना केली, वारा आला नाही. मग ख्रिस्ती बंधूंना प्रार्थना करायला सांगण्यात आले आणि वारा आला नाही तर हाडे समुद्रात टाकू, असेही बजावण्यात आले. त्यांनी प्रार्थना केली, तरीही वारा आला नाही. तेव्हा ओडोरिक यांनी त्यांतले एक हाड गड्याजवळ दिले आणि गलबताच्या नाळेवरून गुपचूप समुद्रात सोडायला सांगितले. त्याबरोबर वारा सुटला आणि गलबत बंदराला लागले.

या प्रसंगाकडे ओडोरिक आपल्या धर्माचा विजय म्हणून पाहतात. त्यांच्या काळाची ती भाषा होती. आपल्याला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. रक्तसाक्षीच्या एका हाडाने जो वारा आणला, तो केवळ ख्रिस्ती प्रवाशांसाठी आणला नाही. गलबतातल्या सर्वांचा जीव वाचला. ठाण्याला ज्यांचे प्राण गेले, त्यांच्या अस्थींनी हिंदू आणि मुसलमान सहप्रवाशांनाही किनाऱ्याला लावले. सूड उगवण्याची याहून ख्रिस्ती रीत कोणती असेल?

कोल्लमहून पुढे ७०० माणसांच्या मोठ्या चिनी जहाजातून, सुमात्रा, जावा अशी बेटे पाहत, ओडोरिक चीनच्या झायतून बंदरात पोहोचले. आज त्या शहराला छ्वानचौ म्हणतात. तेथे फ्रान्सिस्कन बंधूंचे दोन मठ होते. तेथे त्यांनी अस्थी सोपविल्या. ओझे पोहोचले. सोपाऱ्यापासून चीनपर्यंत एका माणसाने चौघांना खांदा दिला होता.

जाताना रिकामे हात

पुढे ओडोरिक खानबालिकला, म्हणजे आजच्या बीजिंगला गेले. तेथे मोंतेकोर्विनोचे योहान हे वयोवृद्ध महागुरू ख्रिस्तसभेचे काम पाहत होते. तीन वर्षे ओडोरिक तेथे राहिले. एका हकिगतीत असे आहे की सम्राटाची स्वारी येत असता महागुरू आणि बंधू क्रूस घेऊन सामोरे गेले. सम्राटाने डोक्यावरचा मुकुट काढून क्रूसाचे चुंबन घेतले. सम्राटापुढे रिकाम्या हाताने जायचे नाही, अशी तेथली रीत होती. बंधूंजवळ सोने कोठले? त्यांनी सफरचंदांचे ताट पुढे केले आणि सम्राटाने ते स्वीकारले.

१३३० साली ओडोरिक खुष्कीच्या मार्गाने इटलीत परतले. मे महिन्यात पादुआ येथे वरिष्ठांच्या आज्ञेवरून त्यांनी आपली हकीगत बंधू विल्यम यांना सांगितली आणि त्यांनी ती लिहून घेतली. पूर्वेकडील कामासाठी आणखी बंधू पाठवावेत अशी विनंती घेऊन ते पोपकडे निघाले, पण वाटेत पिसा येथे आजारी पडले आणि उदिनेच्या मठात परतले. १४ जानेवारी १३३१ रोजी तेथेच त्यांनी देह ठेवला.

बंधूंनी त्यांना त्याच दिवशी गाजावाजा न करता पुरायचे ठरविले होते. एका साध्या बंधूचे दफन, आणखी काय? परंतु उदिनेच्या नागरिकांनी ते होऊ दिले नाही. लोकांची रीघ लागली, दफन पुढे ढकलावे लागले, आजारी माणसे येऊन बरी झाल्याच्या वार्ता पसरल्या आणि खुद्द आक्विलेयाचे महागुरू दर्शनाला आले. व्हेनिसच्या एका शिल्पकाराकडून त्यांच्यासाठी दगडी शवपेटी घडवून घेण्यात आली. आज ती उदिने येथील कार्मेल मातेच्या चर्चमध्ये आहे. २ जुलै १७५५ रोजी पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी त्यांच्या भक्तीला मान्यता दिली आणि ते धन्यवादित म्हणून ओळखले जाऊ लागले.

प्रसिद्धी मात्र त्यांच्या वाट्याला फारशी आली नाही. त्याच शतकात सर जॉन मँडेव्हिल या नावाने एक प्रवासवर्णन निघाले. त्यातला पुष्कळसा भाग ओडोरिक यांच्या हकिगतीवरून उचललेला होता. ते पुस्तक युरोपभर गाजले. पायपीट एकाची, नाव दुसऱ्याचे! ओडोरिक तेव्हा कबरेत शांत होते. जिवंत असते तरी त्यांनी तक्रार केली असती, असे आम्हाला वाटत नाही.

आपल्यासाठी धडा

प्रिय बंधुभगिनींनो, आपल्या मराठीत एक सुंदर शब्दप्रयोग आहे : खांदा देणे. कोणाच्या घरी मयत झाली की आपण खांदा द्यायला जातो. खांदा देणाऱ्याचे नाव कोणी वहीत लिहीत नाही. ज्याला खांदा दिला, तो परत येऊन उपकार फेडणार नाही. म्हणूनच ती सेवा शुद्ध असते. ओडोरिक यांचे सगळे पावित्र्य या दोन शब्दांत मावते. प्रभू येशूचा क्रूस वाहायला कुरेनेकर शिमोनाने खांदा दिला, प्रभूचा देह अरिमथाईकर योसेफाने स्वतःच्या कबरेत ठेवला. दोघांचेही पराक्रम कोठे नोंदलेले नाहीत. पण तारणाच्या इतिहासात त्यांची नावे कायमची राहिली.

हा धडा घरी नेताना आम्ही तीन गोष्टी सुचवितो.

पहिली गोष्ट घराची. ठाण्याच्या त्या घरातली बाई आपण विसरू नये. तिची दाद कोणी ऐकली की नाही, हे कथेत येत नाही. चार रक्तसाक्षींची नावे राहिली, तिचे नाव राहिले नाही. आजही आपल्या कुटुंबांत दारूच्या पायी, पैशाच्या पायी, कधी केवळ रागाच्या भरात हात उगारला जातो आणि सकाळी आपण मिस्साला येऊन बसतो. पाहुणे म्हणून उतरलेले ते बंधू साक्ष द्यायला गेले. आपण शेजारच्या घरातला आवाज ऐकून दार लावून घेतो, ‘नवराबायकोचे भांडण आहे’ म्हणतो. अशा बहिणीच्या बाजूने उभे राहणे हाही खांदा देणेच आहे.

दुसरी गोष्ट शेजाऱ्यांची. रत्नागिरी जिल्ह्यात आपण ख्रिस्तजन मूठभर आहोत. २००५ साली सिंधुदुर्ग धर्मप्रांत स्थापन झाला, तरी गावोगावी आपली घरे बोटांवर मोजण्याइतकीच. आपले जगणे हिंदू आणि मुस्लिम शेजाऱ्यांच्या सोबतीने चालते. साखरी नाट्याच्या बंदरावर मुस्लिम मच्छीमार बांधवांच्या नौका लागतात. त्यांच्या जाळ्यातली मासळी आपल्या ताटात येते. रक्तसाक्षींची कथा सांगताना कोणाच्या मनात या शेजाऱ्यांविषयी अढी निर्माण झाली, तर ती कथा आपण चुकीची ऐकली. ठाण्यात लोकांनी या बंधूंची बाजू घेतली होती. मारणारे हात थरथरत होते. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२१९ साली, धर्मयुद्ध चालू असताना, इजिप्तचा सुलतान मलिक अल-कामिल याची निःशस्त्र भेट घेतली आणि तो सुखरूप परतला. आपल्या बंधूंना त्याने शिकविले की मुसलमानांमध्ये राहताना वादविवाद करू नका, देवासाठी सर्वांचे सेवक होऊन राहा आणि आपण ख्रिस्ती आहोत हे मान्य करा. त्या भेटीला आठशे वर्षे झाली तेव्हा, फेब्रुवारी २०१९ मध्ये, पोप फ्रान्सिस यांनी अबू धाबी येथे अल-अझहरचे प्रमुख इमाम यांच्याबरोबर मानवी बंधुत्वाच्या निवेदनावर सही केली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालीच आपल्याला सांगितले आहे की मुसलमान बांधवांकडे आदराने पाहा आणि जुनी वैरे विसरून एकमेकांना समजून घ्या. रक्तसाक्षींच्या धैर्याला आपण वंदन करतो. कठोर शब्दांची नक्कल मात्र करीत नाही.

तिसरी गोष्ट ओझ्याची. कोकणातले घर म्हणजे बहुधा म्हातारी माणसे आणि मुंबईहून येणारे फोन. तरुण मुले चाकरमानी होऊन गेली, काही आखातात गेली. मागे कोणीतरी एक सून, एक धाकटा मुलगा, एखादी अविवाहित बहीण अंथरुणाला खिळलेल्या आईबापांचे करीत असते. सणाला मुंबईहून आलेल्यांचे कौतुक होते आणि रोज रात्री उठून कूस बदलून देणारीची कोणी विचारपूस करीत नाही. बहिणी, तुझ्या उशाशीही ओडोरिकसारखे गाठोडे आहे. आग लागली, इतर निघून गेले, तरी तू कोपऱ्यात बसून राहिलीस. तुझे नाव कोणत्या फलकावर येणार नाही. पण ज्याने ओडोरिकचा कोपरा राखला, तो तुझाही राखील.

आपल्या धर्मग्रामातही असेच आहे. सणाच्या दिवशी देवळात माणसे मावत नाहीत. आदल्या दिवशी झाडू मारणारे, वेदीची वस्त्रे धुणारे, दफनभूमीतले गवत काढणारे दोघे-तिघेच असतात. ते नावासाठी करीत नाहीत. पण आपण त्यांना एकटे का टाकावे? दुसऱ्याचे ओझे दिसत असताना हात मागे घेऊन उभे राहणे ख्रिस्तजनाला शोभत नाही.

या आठवड्यासाठी एकच संकल्प करू या. आपल्या वाडीत एकट्याने ओझे वाहणारा एक माणूस शोधू या. तो कोणत्या धर्माचा आहे हे पाहू नका. त्याच्याकडे जाऊन एक तास बसा, एक रात्र जागा किंवा दवाखान्याची एक खेप करा. आणि त्याविषयी कोणाला सांगू नका.

प्रार्थना करू या :

हे प्रभू येशू, तू आमचा क्रूस स्वतःच्या खांद्यावर घेतलास. तुझा सेवक ओडोरिक याने आपल्या बंधूंच्या अस्थी दूरच्या देशापर्यंत वाहून नेल्या आणि स्वतःसाठी काहीही मागितले नाही. आमच्या घरांतले उगारलेले हात खाली येऊ देत. आमच्या शेजाराला तुझी शांती लाभू दे. समुद्रावर असलेल्या सर्व खलाशांना, ते कोणत्याही धर्माचे असोत, अनुकूल वारा दे. जे एकट्याने ओझे वाहत आहेत त्यांना बळ दे आणि त्यांच्या शेजारी उभे राहण्यासाठी आमचे खांदे तयार कर. धन्यवादित ओडोरिक, ठाण्याच्या रक्तसाक्षींनो, आमच्यासाठी विनंती करा. आमेन.